वेशीपर्यंतची गाडी

(करकंब, तालुका पंढरपूर येथे बायकांच्या सभेत केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागं पारावर बसून ऐकणाऱ्या भावांनो,

आज मला गाडीवर बोलायचं आहे. विषय फळ्यावर लिहिला तेव्हा एका आक्कांनी विचारलं, "बाई, हुंड्यावर बोला, दारूवर बोला. गाडीवर काय बोलायचं?" मी म्हटलं, आक्का, गाडीवर बोलायला लागलं की हुंडाही येतो, दारूही येते, आणि घरात कुणाचं चालतं तेही येतं. येतंय का नाही, ते शेवटी तुम्हीच सांगा.

गेल्या आठवड्यात बचत गटांच्या बैठकींत आम्ही कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. नाव लिहायचं नाही. प्रश्न दोनच. गाडी चालवताना किंवा गाडीवर बसल्यावर तुम्ही असं काय करता, जे कुणाला सांगत नाही? आणि गाडीबद्दल तुमचं असं कुठलं मत आहे, जे चारचौघांत बोललात तर लोक नाराज होतील? ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शाळेतल्या मुलींनी लिहून दिलं. बातमी फुटली आणि काही पुरुषांनीही चिठ्ठ्या टाकल्या. त्यांचं स्वागत आहे.

चिठ्ठ्या वाचताना मी आधी खूप हसले, आणि मग बराच वेळ गप्प बसले. त्यांतल्या काही आज वाचते. कुणाची कोणती, हे शोधत बसू नका.

पहिली चिठ्ठी. "पंढरपूरहून येताना स्कूटी मी चालवते. वेस जवळ आली की थांबते. मालक पुढं बसतात, मी मागं. सासऱ्यांना ठाऊक आहे. पण गावानं बघू नये."

अशी ही एकच चिठ्ठी नाही. शब्द वेगळे, पण गोष्ट तीच, अशा कितीतरी आल्या. एकीनं लिहिलंय, ओढ्याच्या पुलापाशी बदलते. एकीनं लिहिलंय, उसाचा आडोसा आहे तिथं. म्हणजे टेंभुर्णी ते पंढरपूर रस्त्याला लागून गावागावाच्या बाहेर अशी एकेक जागा ठरलेली आहे. तिथं बाई हँडल सोडते आणि मागं जाऊन पदर सावरून बसते. डांबरी रस्त्यावर ती ट्रकला साईड देते, एसटीला ओव्हरटेक करते, खड्डे चुकवते. गावातल्या शंभर पावलांना मात्र ती चालवू शकत नाही. ही अडचण गाडीची आहे का? क्लचची आहे का? मुळीच नाही.

आपल्या आज्यांना आठवत असेल, एके काळी चावडीवरून जाताना बायका पायातली वहाण काढून हातात घ्यायच्या. वहाण होती, पायाला काटेही टोचत होते, पण मोठ्या माणसांसमोर ती पायात दिसायची नाही. आज वहाणेला कुणी काही म्हणत नाही. पण हँडल आपण अजून वेशीवर हातात काढून देतो. ज्या मालकांनी बायकोला स्वतः शिकवलं, पंढरपूरपर्यंत तिच्या मागं बसून गेले, ते चांगलेच आहेत. तरी त्यांनाही गावाची भीती वाटते. बायकोच्या मागं बसलेला पुरुष दिसला की पारावर खाकरतात, हे त्यांना माहीत आहे. ही लाज तिची एकटीची नाही, त्यांचीही आहे. आणि दोघांच्या लाजेची किंमत ती भरते. शिकलेलं वापरलं नाही की हात विसरतो. वर्षभरानं ती म्हणते, "मला नीट येत नाही हो." मग सगळे म्हणतात, बघा, बायकांना जमत नाही.

दुसरी चिठ्ठी. "मला फोरव्हीलर मागं घेता येत नाही. म्हणून मी तोंड वळवायला मैलभर पुढं जाते, मोकळं पटांगण सापडेपर्यंत." हसू नका, असं करणारे पुरुषही आहेत, फक्त ते चिठ्ठी लिहीत नाहीत. तिसरी, "पेट्रोलचे पैसे भाजीच्या पैशातून काढते. मागितले की कुठं गेलतीस, हा प्रश्न येतो." चौथी, "गाडीच्या डिकीत एक जुनी साडी आणि दोनशे रुपये ठेवलेत. का ठेवलेत, मलाच माहीत नाही." पाचवी, "हेल्मेट घातलं की मी मोठ्यानं गाते. कधी रडते. काचेतून कुणाला दिसत नाही." गावात, घरात, शेतात आपल्याला एकटीला बसायला जागा कुठं असते? या बाईला ती हेल्मेटमध्ये सापडली.

आता जी वाचते ती चिठ्ठी मी तीनदा वाचली. "मालकांच्या मागं मोटारसायकलवर बसले की डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल म्हणते. हळू चालवा म्हणायची सोय नाही. म्हटलं की जास्त पळवतात. भांडण झालेलं असलं तर मुद्दाम पळवतात."

मैत्रिणींनो, याला सवय म्हणायचं का? आपण म्हणतो, त्यांना राग आला की ते गाडी जोरात चालवतात, स्वभाव आहे. घरात राग आल्यावर ताट फेकलं तर आपण त्याला त्रास म्हणतो, हात उगारला तर मारहाण म्हणतो. पण मागं बायको, तिच्या मांडीवर पोर, आणि घाबरवायचं म्हणून ऐंशीनं गाडी सोडली, तर त्याला मात्र आपण नाव देत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात बाईच्या जिवाला, आरोग्याला, सुरक्षिततेला धोका पोचवणारी वागणूक ही हिंसाच धरली आहे. मी असं म्हणत नाही की उद्याच सगळ्यांनी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जा. मी म्हणते, आधी त्याला नाव द्या. "तुमच्या रागानं मला भीती वाटते, आणि तुम्हाला ते माहीत आहे," एवढं वाक्य गाडी थांबलेली असताना, घरात, शांतपणे बोलून बघा. एकीला जमणार नाही, तर दोघी-तिघींनी मिळून तिच्या घरी जा.

आता भावांच्या चिठ्ठ्या. एक म्हणतो, "रात्री समोरून गाडी आली तरी मी अप्परचा डिपर करत नाही. आधी त्यानं करावा." दुसरा म्हणतो, "हेल्मेट टाकीवर असतं. पोलीस दिसला की डोक्यावर." तिसरा प्रामाणिक आहे, "बाई पुढं काढून गेली की तिला गाठल्याशिवाय चैन पडत नाही. का ते सांगता येत नाही." चौथा लिहितो, "थोडी घेतली की हात चांगला बसतो, माझं हे मत आहे." हे मत फार जणांचं असेल, म्हणून उत्तर देते. थोडी घेतली की हात चांगला बसत नाही, हात चांगला बसला आहे असं वाटतं. भीती मरते आणि नजर मंदावते. कायद्यानं शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंतच दारू चालते. त्याच्या वर गेलं की तो गुन्हा.

पण पुरुषांच्या चिठ्ठ्यांतली एक मी जपून ठेवणार आहे. "मला गाडीची भीती वाटते. एकदा पडलो तेव्हापासून. घरात कुणाला सांगितलं नाही. बायको शिकली तर फार बरं होईल, पण तिला शिक म्हटलं तर कारण सांगावं लागेल."

बघा, पुरुषपणाचं ओझं कसं असतं. भीती वाटते हे सांगता येत नाही म्हणून तो रोज भीत भीत गाडी चालवतो, आणि जिला चालवायची हौस आहे ती मागं बसते. दोघंही दुःखी आणि रस्त्याला धोका. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. हा सरकारचा आकडा आहे. त्यांत एकट्या महाराष्ट्रातली १५ हजारांवर. मेलेल्या दहा माणसांमागे आठांहून अधिक पुरुष होते. सर्वांत जास्त बळी दुचाकीवरचे, आणि सर्वांत मोठं कारण वेग. या आकड्यामागे तेवढ्याच चुली आहेत. मर्दानगी सिद्ध करायला गेलेल्याची किंमत घरी राहिलेली बाई भरते. आपण बायकांनी वेगाची गोष्ट काढली की लोक म्हणतात, या भित्र्या. असू द्या. हळू चालवणं हा भित्रेपणा नाही, ती अक्कल आहे.

बाई आणि गाडी यांचं नातं काल-परवाचं नाही. जगातल्या पहिल्या मोटारीचा लांबचा पहिला प्रवास एका बाईनं केला. जर्मनीत कार्ल बेंझ नावाच्या माणसानं मोटार बनवली, पण तिच्यावर विश्वास ठेवून ती घ्यायला फारसं कुणी पुढं येईना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती मोटार बाहेर काढून माहेरी गेली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. पेट्रोलपंप नव्हते, तर औषधाच्या दुकानातून तिनं इंधन विकत घेतलं. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले तर वाटेत चामडं लावून घेतलं. पुढं पावसात काच पुसणारा वायपर आला, त्याचं पेटंट १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईनं घेतलं. आणि आपल्याला सांगतात, यंत्र बायकांना कळत नाही. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मिक्सर कोण चालवतं?

आपल्याकडे १९७२ साली लुना आली. वजनाला हलकी, बंद पडली तर पायडल मारता येई. पुण्यातल्या मास्तरणी, नर्सबाई, टपाल खात्यातल्या बाया लुनावर बसल्या. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायला नको, बटण दाबलं की सुरू. साडी नेसून किक मारून बघितलेल्या बाईलाच त्या बटणाची किंमत कळते. २००१ साली ॲक्टिव्हा आली आणि तालुक्याच्या गावांत मुली कॉलेजला गाडीवर जाऊ लागल्या. बायकांना जमत नाही म्हणत होते, तेव्हा खरं तर गाडीला बाई जमत नव्हती. गाडी बदलली, बाई चालवू लागली.

तमिळनाडूत पुदुकोट्टई म्हणून कोरडवाहू, गरीब जिल्हा आहे. तिथं १९९० नंतर साक्षरतेची मोहीम चालली, तेव्हा शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. अक्षरांबरोबर बायकांना सायकल शिकवायची असं ठरलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया शिकल्या. बघता बघता लाखभर बाया सायकलवर आल्या. सुरुवातीला त्यांच्यावर घाणेरडे शेरे मारले गेले. पण एकीला नाव ठेवता येतं, दहा जणींना ठेवता येतं. शेकड्यांनी बाया निघाल्यावर नाव ठेवणारे दमले. मला यातून वेशीच्या चिठ्ठीचं उत्तर मिळालं. एकटीनं वेस ओलांडू नका. वीस जणी मिळून ओलांडा.

आपल्या मराठी मुलखातलीच दोन नावं सांगते. परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ साली, ऐन अठराव्या वर्षी, पुण्यात रिक्षा चालवायला घेतली. रिक्षा म्हणजे पुरुषाचं काम, असं त्या वेळी कुणाला वेगळं सांगावंच लागत नव्हतं. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकात रेल्वेच्या इंजिनावर सहायक चालक म्हणून रुजू झाल्या. १३ मार्च २०२३ ला त्यांनी वंदे भारत गाडी सोलापूरहून मुंबईला नेली. आपल्या सोलापूरहून! घाट उतरून, शेकडो माणसं मागं बसवून. त्या गाडीतल्या पुरुषांनी काही वेशीवर गाडी थांबवून हँडल मागितलं नाही.

आता मतं. चिठ्ठ्यांतल्या मतांत माझी मिसळून सांगते, कारण बहुतेक जुळली. ही मतं आवडणारी नाहीत. तरी ऐकून घ्या.

पहिलं मत. मागं एका बाजूला पाय सोडून बसणं बंद करा. मला ठाऊक आहे, आत्या रागावतील. पण दोन्ही पाय एकीकडे टाकले की तोल एकीकडे जातो, खड्डा आला की धरायला काही नाही, आणि मांडीवर पोर असलं तर हातही मोकळा नाही. मागच्या चाकात पदर, ओढणी अडकून किती जणींचा गळा आवळला आहे, हे प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात विचारा. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत मागच्या माणसासाठी धरायची पकड, पाय ठेवायची जागा, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निम्मं चाक झाकणारं संरक्षण, हे सगळं सक्तीचं आहे. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. पोरं गाडी घेतली की आधी तेच काढून टाकतात, म्हणे गाडी बायकी दिसते. तुमच्या घरच्या गाडीला आहे का, आज जाऊन बघा. नसेल तर लावायला लावा. आणि पंजाबी ड्रेस घाला नाहीतर नऊवारी नेसा, पण दोन्हीकडे पाय टाकून बसा. नऊवारी नेसून आपल्या आज्या घोड्यावर बसल्या, त्या काय एकीकडे पाय टाकून लढल्या होत्या?

दुसरं मत. हेल्मेट दोघांना. कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला डोक्यावर हेल्मेट घाला म्हणतो, चालवणाऱ्यालाही आणि मागच्यालाही. प्रत्यक्षात घरात हेल्मेट एकच असतं आणि ते पुढच्याच्या डोक्यावर असतं. एका चिठ्ठीत आहे, "मालकांचं डोकं दोन हजाराचं, माझं फुकटचं." याच्यावर मी आणखी काय बोलू? अंबाडा बसत नाही म्हणत असाल तर त्या दिवशी वेणी घाला.

मोटारीचंही तेच. मागच्या सीटवर पट्टा लावायला सांगितलं की लोक हसतात. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी भारीतली होती, पण मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता. आपल्याकडे मागच्या सीटवर कोण बसतं? बायका आणि पोरं. एक गोष्ट आणखी सांगते. मोटारीची धडक तपासायला कंपन्या आत माणसाएवढे पुतळे बसवतात. कित्येक वर्षं ते पुतळे पुरुषाच्या बांध्याचेच होते. बाईचा म्हणून जो होता, तो पुरुषाचाच लहान करून घेतलेला. अमेरिकेतल्या अपघातांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की पट्टा लावूनही बाई चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुष चालकापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त आहे. साध्या, मध्यम बांध्याच्या बाईचा पुतळा स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर या बाईंच्या गटानं तयार केला, तो २०२२ साली. बाईचं शरीर मोजायला मोटारीला शंभरावर वर्षं लागली. म्हणून पट्टा लावायचा नाही, असा अर्थ काढू नका. पट्टा लावाच. पण पुढच्या वेळी कुणी म्हणालं की यंत्र सगळ्यांना सारखं वागवतं, तर ही गोष्ट सांगा.

तिसरं मत आयांसाठी आहे, आणि ते कडू आहे. दहावी पास झालेल्या मुलाला गाडी घेऊन देणं ही माया नव्हे. मोठ्या बहिणीला कॉलेजला जायला एसटीचा पास आणि धाकट्या भावाला दीड लाखाची मोटारसायकल, हे आपल्याच घरात चाललेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं कायदा असा झाला आहे की अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीनं दोन तरुण अभियंते गेले, एक मुलगा आणि एक मुलगी. पुढं मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या आईलाही अटक झाली. तो श्रीमंतांचा खटला, आपला काय संबंध, असं म्हणू नका. पोराला वाचवायचं म्हणून आई कुठपर्यंत जाते, हे आपल्याला सगळ्यांना आतून माहीत आहे. वाचवायचंच असेल तर किल्ली देण्याच्या आधी वाचवा.

आणि इथं एक गोम आहे. गाडीचा मालक म्हणजे आर.सी. बुकावर ज्याचं नाव तो. कर्जासाठी, कशाकशासाठी पुष्कळ गाड्या बायकोच्या नावावर घेतलेल्या असतात. चिठ्ठीत एकीनं लिहिलंय, "गाडी माझ्या नावावर आहे हे मला पोलीस घरी आले तेव्हा कळलं." गाडी तिच्या नावावर, किल्ली पोराच्या खिशात, आणि तारखेला उभी ती. जिथं अंगठा उठवता, सही करता, तो कागद वाचून घ्या. नावावर गाडी असेल तर किल्लीही मागा. नुसतं नाव म्हणजे मालकी नव्हे.

चौथं मत. लग्नात गाडी देऊ नका, घेऊ नका. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण आता हुंडा कुणी मागत नाही, "मुलाला येण्याजाण्याची सोय" मागतात. मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूचं प्रकरण राज्यभर गाजलं. लग्नात फॉर्च्युनर दिल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. कोर्टात जे व्हायचं ते होईल. पण त्याच्या आधी त्या गाडीसमोर फुलं लावून फोटो काढताना मांडवात कुणाला काही वाटलं नाही, हे आपलं काम आहे, कोर्टाचं नाही. बापानं दिलेल्या गाडीत मुलगी बसते, तीही मागं. ती गाडी घेऊन तिला माहेरी यायचं असलं तर किल्ली तिला मिळते का? मुलीला द्यायचंच असेल तर लग्नाच्या आधी लायसन काढून द्या. ते सासू काढून घेऊ शकत नाही.

पाचवं मत, आपल्या भागाचं. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, चांगलंच झालं. पण गळीत सुरू झालं की रात्री एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, आणि पुढं कानठळ्या बसवणारी गाणी. चालवणाऱ्याला मागून कोण हॉर्न देतंय ते ऐकू येत नाही. त्याच रस्त्यावर ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया पहाटे भरल्या ट्रॉलीवर, मोळ्यांवर बसून जातात. आणि याच रस्त्यांनी वारी येते. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसली आणि ७ वारकरी गेले. पायी चालणाऱ्याचा रस्त्यावर पहिला हक्क आहे, हे मत गाडीवाल्यांना आवडत नाही. चालणाऱ्यानं बाजूला व्हावं, असं त्यांना वाटतं. माझं मत उलट आहे. ज्याच्या हातात जास्त वजन, त्यानं जास्त थांबावं. ग्रामसभेत बायकांनी एकच ठराव मांडावा: मागं लाल पट्टी आणि दिवा नसलेली ट्रॉली गावातून जाणार नाही. त्याला पैसा लागत नाही.

सहावं मत ऐकून गाडी शिकलेल्या मुली रागावतील. प्रत्येकीला गाडी हवी, असं मी म्हणत नाही. प्रत्येकीला जाता यायला हवं, असं म्हणते. ज्या बाईला दीड लाखाची गाडी परवडत नाही तिचंही बाळंतपण असतं, तिलाही बाजार असतो, माहेर असतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं आणि बायका घराबाहेर पडल्या. पण तिकीट निम्मं आणि गाडी वेळेवर नाही, तर त्याचा उपयोग काय? संध्याकाळची शेवटची एसटी चुकली की वडापमध्ये बारा माणसांत अंग चोरून बसायचं. म्हणून स्कूटी शिकणं आणि एसटीसाठी आगारात अर्ज देणं, ही दोन्ही एकच लढाई आहे. जिच्याकडे किल्ली आहे तिनं बिनकिल्लीच्या बाईला विसरू नये.

शेवटी पैशाची गोष्ट. अपघातात घर सांभाळणारी बाई गेली तर भरपाई किती? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या जोडपत्रात, न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरावं, असं लिहिलेलं होतं. म्हणजे नवरा गरीब तर तुमची भाकरीही स्वस्त. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं घरकामाला असं कमी लेखण्यावर कोरडे ओढले, आणि जानेवारी २०२१ मध्ये गृहिणीच्या कामाला किंमत आहे, तिचं उत्पन्न धरलंच पाहिजे, हे पुन्हा स्पष्ट केलं. लक्षात घ्या, आपण दिवसभर राबतो त्याचा हिशेब लागला तो मेल्यावर, मोटारीच्या कोर्टात. मला तो हिशेब जिवंतपणी हवा आहे. पेट्रोलचे पैसे भाजीतून चोरून काढावे लागू नयेत, एवढाच त्याचा पहिला हप्ता.

आक्का, आता सांगा, हुंडा आला का? दारू आली का?

जाता जाता कामाचं. घरी गेल्यावर आर.सी. बुक, विमा आणि लायसन काढून बघा, कुणाच्या नावावर काय आहे ते. अठरा पूर्ण झालेल्या मुलींनी आणि सत्तरीच्या आतल्या सगळ्या हौशी बायकांनी शिकाऊ लायसन काढा. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवस झाले की पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. आधार कार्ड, वयाचा दाखला आणि फोटो घेऊन या, अर्ज आपण एकत्र भरू. रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणावर दोन स्कूट्या असतील. पहिले दोन रविवार फक्त ब्रेक शिकायचा, पळवायचं नंतर. ज्या भावानं ती भीतीची चिठ्ठी लिहिली आहे, त्यांनीही यावं. शिकवायला बायका आहेत, पण त्या ओरडत नाहीत.